पडदा काळा का पडतो

सोमवारी सकाळी फुआतिनोबाईंचा पडदा तिसऱ्यांदा काळा पडला, आणि या खेपेला त्या ओरडल्या नाहीत. पेन्सिल कानामागे खोचून त्या नुसत्या बसून राहिल्या.

सालेलोलोगा गावातल्या त्या कचेरीत सवाई बेटावरल्या गावांच्या नळांचे नकाशे तयार होत. संगणक सांभाळायचं काम सेलेपाचं. फुआतिनोबाई तिच्या आईच्या वयाच्या, तीस वर्षं नकाशे काढत आलेल्या. वादळात फुटलेल्या नळांचा नकाशा शुक्रवारी गावोगावच्या मताईंपुढे, म्हणजे मुखियांपुढे, ठेवायचा होता. तो पाहूनच खोदकाम सुरू होणार होतं. आणि नेमका गेल्या आठवड्यात सगळ्या संगणकांवर नवा प्रोग्राम आला होता, राजधानी आपियातल्या मुख्य कचेरीशी जोडणी करणारा. तेव्हापासून पडदा मध्येच काळा पडायचा, उघडलेलं सगळं बंद व्हायचं आणि समोर पासवर्ड विचारणारी कोरी चौकट यायची. सेव्ह न केलेलं काम गेलं ते गेलंच.

प्रोग्राम बसवणारा क्रेग ऑकलंडहून फोनवर म्हणाला होता, "माझा प्रोग्राम पडद्याला हातसुद्धा लावत नाही. त्या म्हाताऱ्या बाई भलतंच काहीतरी दाबत असतील."

शेजारच्या टेबलावरचा पुलोतू वर आणखी चिडवायचा. "बाई, तुमचा हात लागला की मशीन मरतं. माझं बघा, कसं गुमान चालतंय!"

"तुझं चालतंय, कारण तू त्यावर कामच करत नाहीस," असं बाई एरवी ऐकवायच्या. आज त्या पुन्हा पासवर्ड टाकायला लागल्या.

सेलेपा खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. "बाई, काळा पडायच्या अगदी आधी काय केलंत?"

"आता तूही माझ्यावरच ढकलणार?"

"नाही हो. क्रेगनं विचारलंच नाही, ठरवून टाकलं. मी विचारतेय."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "जोडणी झाल्या झाल्या काही होत नाही. उघडलेल्या नकाशावर मी खुशाल तासभर रेघा ओढते. पण दुसरी खिडकी उघडायला गेले, की खेळ खलास. दर वेळी."

दर वेळी! सेलेपानं कान टवकारले. संगणक आपल्या कारभाराची रोजनिशी लिहीत असतो; तिनं ती उघडली आणि ओळीमागून ओळ वाचत गेली. टेबलावरचा तिचा कोको थंड झाला, त्यावर साय धरली. शेवटची नोंद होती, 'नव्या खिडकीला परवानगी नाही.' तिनं आणखी मागे जाऊन पाहिलं. नऊ वाजून बारा मिनिटांनी जोडणी झाली होती, आणि त्याच क्षणी संगणकाचं नाव बदललं होतं. 'मालिए' हे तिनं स्वतः ठेवलेलं नाव जाऊन तिथं 'आपिया-१७' आलं होतं.

"अगं बाई! प्रोग्राम नावच बदलतोय," ती म्हणाली. "पासवर्ड घालून तुम्ही आत शिरता तेव्हा खिडक्या उघडायचा परवाना जुन्या नावानं बनतो. मग जोडणी होते आणि नाव बदलतं. पडदा पडला की जोडणी तुटते, जुनं नाव परत येतं, म्हणून दर वेळी तेच. नवी खिडकी नव्या नावाचा परवाना शोधते, तो सापडत नाही, आणि सगळं कोसळतं."

"माझ्या भावाला मताईपद आणि त्याबरोबरचं नवं नाव मिळालं तेव्हा अस्संच झालं," फुआतिनोबाई म्हणाल्या. "नवं नाव सांगून पोस्टात पार्सल मागायला गेला, तर म्हणे, असा कोणी माणूस इथं नाही!"

"पुलोतू, तुझ्या मशीनचं नाव काय रे?"

"आपिया-४. मे महिन्यात तिथूनच तर आलं नाव घालून."

"म्हणून तुझं पडत नाही. त्याला आपियाचं नाव आधीच आहे, बदलायला काही उरलंच नाही!"

पण एवढ्यावर क्रेग ऐकणारा नव्हता. सेलेपानं आपल्या संगणकाची जोडणीची तार काढली, प्रोग्राम बंद केला आणि हातानंच नाव बदललं. मग नवी खिडकी उघडायला बटण दाबलं. पडदा काळा पडला. आपलंच काम बुडवून इतका आनंद झालेली ती सवाईवरची पहिली बाई असेल. "पडला! पडला!" करत ती खुर्चीवरून उठली. मग प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये एक ओळ बदलली: नावाला हात लावू नये. पुन्हा जोडणी केली. एक खिडकी, दोन, पाच. पडदा काळा पडला नाही. मग तिनं बाईंच्या संगणकावरही तीच ओळ बदलली.

तिनं क्रेगला फोन लावून सगळं सांगितलं.

"आमच्याकडेच चुकलं," तो म्हणाला. "ती ओळ पाठव. मी सगळ्या बेटांवर कळवतो."

"पाठवते. पण पत्रात लिहा, हे फुआतिनोबाईंनी पकडलं. आणि 'म्हाताऱ्या बाई' म्हणालात, त्याबद्दल त्यांच्याशी बोला. त्या इथंच आहेत."

बाईंनी फोन घेतला. क्रेग काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे. पुढच्या वेळी आधी विचारत जा, बाबा."

मग त्यांनी मुद्दाम, एकामागून एक, बारा गावांचे बारा नकाशे बारा खिडक्यांत उघडले. प्रत्येक खिडकीला पुलोतू मोठ्यानं आकडा म्हणत होता. बाराव्याला सगळ्या कचेरीनं टाळ्या पिटल्या, आणि फुआतिनोबाई कानामागची पेन्सिल काढून म्हणाल्या, "पुरे झालं. आता सरका बाजूला. शुक्रवार जवळ आलाय, मला काम आहे."