मागच्या दाराची वाट

"ओ दादा! तिकडून नाही, वळणावरून या, वळणावरून!"

खालून चढणारे दोघे जण जागच्या जागी थबकले. पुढच्यानं गवतात टाकलेला पाय उचलून गुपचूप वाटेवर घेतला.

"चार पावलं वाचतात हो!"

"तुमची वाचतात, पण माझं गवत मरतं त्याचं काय? आज तुम्ही गेलात की उद्या तुमच्या मागनं सगळी जत्रा येणार!"

दोघे हसत हसत वळणावरून आले. हसले तर हसले, आले ना वळणावरून! मामांना तेवढंच हवं होतं.

मामा म्हणजे डोंगरावरच्या राष्ट्रीय उद्यानातले वनरक्षक. ते नक्की कोणाचे मामा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण गेटवरच्या कारकुनापासून सगळे त्यांना मामाच म्हणत. उद्यानात कोणाच्या वाट्याला वणवे आले होते, कोणाच्या वाट्याला चोरटे शिकारी. मामांच्या वाट्याला वाटा आल्या. वाटेवर आलेलं रान छाटायचं, पावसाच्या पाण्याला चर काढून द्यायचा, सुटलेले दगड पुन्हा बसवायचे, ओढ्यावरच्या फळ्या ठोकायच्या. आणि उरलेल्या वेळात माणसं वळवायची, हे तर सगळ्यात अवघड काम. कारकून येता-जाता चेष्टा करायचा, "मामांचं बरंय बुवा! वाट बघायचा पगार मिळतो!" यावर सगळ्यात आधी मामाच हसायचे.

आज नव्या मॅडम वाटांची तपासणी करायला येणार होत्या. मामांना वाटलं होतं, असतील कोणीतरी खुर्चीतल्या. पण आल्या त्या चिखलानं भरलेले बूट घालून, आणि चालताना समोरचा देखावा सोडून पायाखाली बघत होत्या. वळणावर मामांनी आडव्या टाकलेल्या वाळक्या फांदीपाशी त्या थांबल्या.

"पाटी नाही लावलीत?"

"पाटी लावली की लोक ती वाचतात, फोटो काढतात आणि तिथूनच जातात."

मॅडम खळखळून हसल्या. "आमच्या आधीच्या उद्यानात तर पाटीच उपटून शेकोटीत घातली होती!"

मामांना बाई आवडल्या. कितीतरी दिवसांनी कोणाशी तरी वाटांबद्दल मनापासून बोलणं होत होतं. चढ संपून चौकी येईपर्यंत त्यांचं तोंड बंद नव्हतं.

चौकी म्हणजे माथ्यावरची पत्र्याची एक खोली. बायको गेल्यापासून मामा तिथं एकटेच राहत. पुढच्या दाराशी पाण्याची टाकी होती, तिथं येणारे-जाणारे बाटल्या भरून घेत. मागच्या दारातून गवताचा मोठा माळ दिसे, माळाच्या टोकाला एक सपाट कातळ, आणि कातळापुढे काहीच नाही. सरळ कडा.

मॅडम हात धुवायला मागे गेल्या आणि तिथूनच त्यांनी हाक मारली.

"मामा, ही वाट कसली?"

मामा दारापर्यंत आले. मागच्या दारापासून निघून माळ कापत सरळ कातळापर्यंत गेलेली ती पायवाट. नकाशात नसलेली.

"जनावरं जात असतील," ते म्हणाले. आणि म्हणताना स्वतःचीच लाज वाटली, कारण मॅडमनी लगेच खाली वाकून पाहिलं होतं.

पण मॅडम काही बोलायच्या आतच त्यांना कातळावर माणूस दिसला. एक तरुण बाप, पोरगी खांद्यावर, तीही पाय हलवत खालची दरी बघतेय.

दोघेही धावत सुटले. जवळ गेल्यावर मात्र मामांनी धाव आवरली, बाप दचकून हलला असता तर? हळू आवाजात म्हणाले, "दादा, तसेच मागे या. वळू नका. मागे."

बाप मागे आला. मामांनी पोरीला त्याच्या खांद्यावरून उचलून घेतलं. पोरगी खिदळत होती.

"अहो, झालं काय एवढं?" बाप वैतागला. "खाली गेटवर लिहिलंय ना तुम्हीच, वाट सोडू नका म्हणून? नाहीच सोडली! पाणी भरायला आलो, मागे वाट दिसली, वाटेनंच आलो."

 मामांनी पोरीला थेट पुढच्या अंगणात नेऊन उतरवलं आणि बाप-लेक उताराला लागेपर्यंत बघत उभे राहिले.

मॅडम अजून कातळापाशीच होत्या. त्यांच्या खिशातला फोन एकामागून एक टिंग टिंग करत सुटला होता. सकाळपासूनचे निरोप एकदम येऊन पडत होते. त्यांनी फोनकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं, आणि मामा परत आल्यावर म्हणाल्या, "रेंज इथंच येते ना?"

"इथंच. चौकीत नुसता वायरलेस आहे, गेटशी बोलायला." मामांनी खाली बघितलं. "मुलगी असते बाहेरगावी. रविवारी बोलतो आम्ही."

"रविवारच्या रविवार जाऊन..." मॅडम बोलता बोलता थांबल्या.

थांबल्या, पण मामांना कळायचं ते कळलं. आठवड्यात एकदा पाय पडला तर गवत पुन्हा उभं राहतं. ही माती टणक झाली होती, तासून काढल्यासारखी. अशी वाट पडायला कोणीतरी रोज यावं लागतं.

मामा रोजच येत होते. शेवटचा माणूस खाली उतरला की येऊन बसायचे, फोन गुडघ्यावर ठेवून. आधी लेक दर रविवारी फोन करायची. मग कधीतरी. यांनी केला तर म्हणायची, "बाबा, आत्ता गडबडीत आहे, मी करते हं नंतर." तो 'नंतर' कोणत्या दिवशी येईल याचा काय नेम? आणि घरात तर रेंजच नाही, तिथं बसून फोन वाजणारच नव्हता. एवढ्या दिवसांत मामांनी हे कोणाला कळू दिलं नव्हतं. कारकुनानं विचारलं तर "कालच बोललो की!" म्हणून मोकळे व्हायचे. आणि आता ते सगळं उघड्या माळावर कोणालाही वाचता येईल असं पडलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा," मॅडम हळूच म्हणाल्या, "तुमची एकट्याची असेल तर राहू द्या. मी नाही कुठं लिहीत. कड्याला कठडा घालून घेऊ."

"नको मॅडम." मामांनी मान हलवली. "ही कोणाची वाट ते त्या बापाला कुठं ठाऊक होतं? ती पोरगी..." त्यांनी कातळाकडे पाहिलं. "आजच बंद करतो."

मॅडमनी नुसतं त्यांच्या हातावर थोपटलं आणि त्या उतरून गेल्या.

मामा कातळावर बसले आणि त्यांनी लेकीला फोन लावला. तिनं लगेच उचलला.

"बाबा? या वेळी? बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय! एवढंच सांगायचं होतं, आता इथून फोन लागायचा नाही. महिन्याच्या बाजाराला खाली उतरेन ना, तेव्हा करत जाईन."

"का हो?"

"काम काढलंय इथं."

"बरं. पण बाबा, तुमच्याकडे कायम एवढा वारा कसा? तुम्ही बाहेर उभं राहून का बोलता? घरात बसून बोलायचं की! निम्मं ऐकूच येत नाही मला."

रेंज फक्त इथंच येते, म्हणून रोज येऊन बसतो, हे सांगायला मामांनी तोंड उघडलं. सांगितलं असतं तर पोर रडली असती. आठ-पंधरा दिवस मनाला लावून घेतलं असतं, जीव खाल्ला असता स्वतःचा. आपल्या पोरीला रडवून तिच्याकडून फोन मिळवायचा? छे.

"खरंय तुझं," ते म्हणाले. "आता घरातच बसेन."

"हां, तेच बरं. चला बाबा, ठेवू? मी करते हं नंतर."

फोन बंद झाला. मामांनी कुदळ घेतली. वाट बंद करायची ती टोकाकडून, म्हणजे मोकळ्या केलेल्या मातीवर पुन्हा आपलाच पाय पडत नाही. कातळापासून ते एक एक पाऊल मागे येत गेले. माती उकरायची, बाजूच्या गवताचे गड्डे लावायचे, वर वाळक्या फांद्या पसरायच्या. मध्ये पाठ भरून आली तेव्हा जरा उभे राहिले आणि पुन्हा वाकले. शेवटची फांदी त्यांनी आपल्याच मागच्या दाराच्या पायरीला लावून टाकली आणि आतून कडी घातली.

ऊन उतरलं. शेवटची माणसं खाली गेली. मामांनी हातपाय धुतले, खाटेवर बसले आणि फोन गुडघ्यावर ठेवला. वारा दाराबाहेर राहिला होता. खोलीत इतकी शांतता होती, की कोणी काही बोललं असतं तर अक्षर न् अक्षर नीट ऐकू आलं असतं.