तीन वावरांतून गेलेली ओळ

मी पेरणीची एक जुनी तिफण आहे. चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यात सेवा सहकारी सोसायटीचे गोदाम आहे. त्याला लागून टिनाची पडवी आहे, तिथे माझा मुक्काम. पेरणीच्या दिवसांतली माझी सकाळ ठरलेली असते. उजाडताच सोसायटीचे सचिव धर्मपाल कुलूप काढतात. माझ्या तिन्ही फणांना हात लावून पाहतात, बियाणे सोडायच्या लाकडी चाड्यातली धूळ फुंकून टाकतात आणि मूठभर ज्वारी घालून ती तिन्ही नळ्यांतून सारखी उतरते की नाही हे तपासतात. तोवर ज्याची पाळी असेल तो शेतकरी बैलजोडी घेऊन दारात उभा असतो. जू चढते आणि मी गावाबाहेर पडते.

मित्रांनो, मला सूर्यभान सुतारांनी जुन्या, चांगल्या वाळलेल्या बाभळीतून घडवले. दोन-चार एकरांचे शेतकरी पूर्वी मोठ्या शेतकऱ्यांची तिफण मोकळी होण्याची वाट पाहत, आणि तोवर जमिनीची ओल उडून जाई. त्यांची पेरणी वेळेवर व्हावी म्हणून सोसायटीने मला करवून घेतले. काही जण हसले. "सोसायटीची तिफण म्हंजे साऱ्या गावची मावशी!" असे ते म्हणत. मला त्याचे वाईट वाटले नाही. मावशीच्या वाट्याला किती घरे येतात, याचा मला अभिमानच होता.

साठ सालानंतर मात्र पावसाची चाल बदलली. एका संध्याकाळी तो धो धो कोसळे आणि मग पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवत नसे. आमच्याकडे भावाभावांत वाटणी होते, तेव्हा वरची हलकी जमीन आणि खालची काळी जमीन प्रत्येकाला सारखी मिळावी म्हणून वावराच्या लांब पट्ट्या पाडतात. प्रत्येक पट्टी चढावरून थेट नाल्यापर्यंत उतरते. वाटणी न्यायाची होते, पण अरुंद पट्टीत बैल आडवे वळवता येत नाहीत. पेरणी उताराच्या दिशेनेच करावी लागते. मग माझी प्रत्येक ओळ पाण्याची वाट होई, आणि पाणी माती घेऊन नाल्यात जाई.

पार्वताबाईंची पट्टी अशीच होती. एका बाजूला पुंजाराम आणि दुसऱ्या बाजूला खुशालराव, दोघेही त्यांच्या दिवंगत पतीचे चुलतभाऊ. पार्वताबाईंची ज्वारी सलग दोन वर्षे गुडघाभर होऊन वाळली होती. तिसऱ्या वर्षीही तेच झाले असते, तर वावर दुसऱ्याच्या हाती देऊन त्यांना अकोल्याच्या जिनिंगमध्ये मजुरीला जावे लागले असते.

धर्मपाल अकोल्याहून सहकाराचे प्रशिक्षण घेऊन आले होते. उताराला आडवी पेरणी केली की पाणी ओळीओळीत थांबून मुरते, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले होते. सोसायटीच्या बैठकीत त्यांनी सुचवले की तिन्ही पट्ट्या एक वावर समजून आडव्या पेराव्यात. बियाणे सोसायटी एकाच जातीचे देईल. दोन पट्ट्यांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. त्या धुऱ्यांच्या दोन्ही टोकांना पंचांसमक्ष दगड रोवले जातील, म्हणजे कुणाची हद्द हलणार नाही.

पुंजारामांनी लगेच मान डोलावली. खुशालराव मात्र उठून उभे राहिले.

"माह्या धुऱ्यावर बैल घालता? आज बैल जातीन, उद्या लोक म्हनतीन, धुरा होताच कोठी?"

"दगड रोवून राहिलो ना, काका," धर्मपाल म्हणाले.

"दगडाले पाय नसते, पन मानसाले हात असते, सेक्रेटरीसाहेब!"

सगळे हसले. धर्मपालही हसले, पण लगेच म्हणाले, "खरं हाय. तुमी हो म्हनल्याबिगर तिफण धुरा वलांडनार नाही." बैठकीने तसेच ठरवले. पार्वताबाई घरी गेल्या.

पेरणीसाठी वखरून ठेवलेल्या वावरावर त्याच आठवड्यात मोठा पाऊस झाला. सकाळी सारे नाल्याकाठी जमले. धर्मपालांनी मला पुंजारामांच्या खळ्यात आधीच आणून ठेवले होते, तिथून नाला दिसत होता. खुशालरावांचा धुरा दोन ठिकाणी फुटला होता, आणि खाली काळ्या गाळाचा ढीग साचला होता. पार्वताबाईंनी त्यातली मूठभर माती उचलली.

"भाऊजी, याच्यातली तुमची कोनती अन् माही कोनती, तेवढी निवडून द्या मले."

खुशालराव फुटलेल्या धुऱ्याच्या कडेने घराकडे निघून गेले.

मित्रांनो, त्या साली श्रावणात पावसाने मोठी दडी मारली, तरी त्या तिन्ही पट्ट्यांतली ज्वारी कणसाला आली. पार्वताबाईंचे वावर त्यांच्याच हाती राहिले. पुढे गावातल्या आणखी कितीतरी धुऱ्यांवरून मी आडवी गेले. आता माझे फण झिजले आहेत आणि एक नळी तडकली आहे. सर्वांची म्हणून एखादी वस्तू असते, ती कुणाचीच नाही असे समजून तिला उन्हापावसात टाकू नका. तिला तेल द्या, सावली द्या. जी संस्था ती वस्तू सांभाळते, तिच्या बैठकीला जा आणि मनात असेल ते तिथे बोला. तिथे भांडण झाले तरी चालेल. पण माझा खरा अभिमान कणसांचा नाही, त्या सालच्या पेरणीच्या सकाळचा आहे.

जमिनीत पेरणीजोगा वाफसा आला होता. दोन्ही धुऱ्यांच्या टोकांना दगड रोवून झाले होते. पुंजाराम बैल हाकत होते आणि पार्वताबाईंची मूठ चाड्यावर होती. खुशालरावांनी अजून होकार दिला नव्हता, म्हणून दोनच पट्ट्या पेरायच्या आणि त्यांच्या धुऱ्यापाशी बैल वळवायचे असे ठरले होते. दोन पट्ट्यांच्या रुंदीत वळण अडचणीचे होते, आणि त्यांच्या पट्टीतले पाणी तरीही वाहून जाणार होते. धुरा आला. पुंजारामांनी कासरा ओढला.

पलीकडे खुशालराव उभे होते. ते पुढे आले. बैलांच्या माथ्यावर हात फिरवून त्यांनी त्यांना धुऱ्यावर घेतले. मग मागे येऊन माझी एक बाजू धरली. दुसरी पुंजारामांनी धरली. दोघांनी मला अलगद उचलून पलीकडच्या मातीत ठेवले.

"सोडा मूठ, वहिनी," खुशालराव म्हणाले, आणि बैलांच्या पुढे चालू लागले.