मनी म्हणजे कोण

मी एक मणी. काचेचा, बोराएवढा. निळ्या अंगावर पांढरे-तांबडे पट्टे, आणि भोकाच्या तोंडाशी नीट पाहिलंत तर चांदणी. आज सुरतेच्या जुन्या बाजारात एका फाटक्या चादरीवर, वाकड्या चमच्यांच्या आणि गंजक्या कुलपांच्या पंगतीत पडलोय. कुणी उचलतं, "प्लास्टिकनो छे," म्हणतं आणि परत टाकतं. प्लास्टिक! मला! पण आता रागही येईनासा झालाय. मला एक निरोप पोचवायचाय, आणि तोंड नाही. भोक तेवढं आहे.

माझा जन्म साता समुद्रापलीकडे, एका भट्टीत झाला. गोणीत कोंबून जहाजानं मला याच सुरतेच्या बंदरावर उतरवलं, कापडाच्या बदल्यात. इथून बैलगाडीनं खानदेशात गेलो. कितीतरी बायांच्या गळ्यात राहिलो. त्यांची नावं आता आठवत नाहीत, घामाची चव आठवते.

मग एका माउलीनं मला आपल्या तान्ह्याच्या गळ्यात बांधलं. तिची आधीची पोरं जगली नव्हती. याच्यावर तरी मरणाची नजर नको म्हणून तिनं मुद्दाम नाव ठेवलं धुडकू. नको असलेला, धुडकावलेला. मरणानंही त्याला धुडकावलं बरं का! पोरगं वाढलं, सुरतेला आलं, लिंबायतला खोली घेतली, कापडाच्या लूमवर लागलं. मी त्याच्या गळ्यातच. सुरतेहून गेलेला सुरतेला परत आलो.

लूमच्या खडखडाटानं धुडकूला ऐकू कमी येऊ लागलं. एक वेड मात्र लागलं, तेही माझ्यामुळेच. माझा जोडीदार शोधायचं. सुट्टी असली की गडी जुन्या बाजारात हजर. जोडीदार काही मिळाला नाही, पण दुसरे कितीतरी मणी मिळाले. आणि हातानं केलेल्या जुन्या काचगोट्या. सगळ्यांना त्यानं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नांदायला ठेवलं, मलाही. बायको तारा कपाळावर हात मारायची. "मानसं सोनंनानं जमाडतस, आन आमना मानूस गोट्या!"

त्या डब्यापाशी त्याच्या बरोबरीनं बसायची ती उज्ज्वला, त्याची लेक. फार गोड पोर हो! गोटी उजेडाकडे धरायची आणि खाली काचेच्या कांडीपासून तोडल्याची खूण शोधायची. तिला ती बेंबी म्हणायची. "बेंबी शे बा! हातनी शे!" बेंबी नसली की गोटी मशीनची, बाद. एकदा गोटी उडून तिच्या डाव्या भुवईला लागली. खूण कायमची राहिली. धुडकू म्हणाला, "हाई देख, मनी पोरले बी बेंबी व्हयनी!"

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, पुढे सगळं तिच्यावरच आहे. यांच्या अहिराणीत 'ण' फारसा येत नाही. मण्याला ते 'मनी' म्हणतात. आणि 'माझी' यालाही 'मनी'च म्हणतात. एकदा उज्ज्वलानं मला हातात घेऊन विचारलं, "बा, मनी म्हंजे हाऊ का मी?"

धुडकू खोऽखो हसला. "हाऊ बी मनी, आन तू बी मनी. पन पहिले तू!"

तेव्हापासून हाकच पडली. लूमवरून आला की दारातूनच ओरडायचा, "मनी कोन?" आणि आतून चिमणा आवाज, "मी!"

पोर मोठी झाली. साड्यांना टिकल्या चिकटवायच्या कामाला जाऊ लागली. तिथं पंडित नावाचा एकजण भेटला. विदर्भातला, गवंडीकाम करणारा, जात वेगळी. पोरगा सोन्यासारखा, पण जात म्हटली की माणसांची अक्कल गहाण पडते. धुडकू दारात आडवा उभा राहिला. "जाशी तर मनी पोर मरी गई समजसू!"

उज्ज्वलानं पायानं डबा सरकवला. "तुमले पोर कसाले पाहिजे? तुमले तुमना मनी शेतस ना!" आणि गेली. सुरतेबाहेरच्या सचिन गावात संसार थाटला.

त्यानंतर धुडकूनं तिचं नाव घेतलं नाही. पण रोज मला अंगठ्याखाली धरून पुटपुटायचा, "मनी... मनी..." घरचे म्हणायचे, लागलं याचं मण्यांचं वेड. मी त्या अंगठ्याखाली होतो. मला ठाऊक होतं. दोनदा तर चप्पल घालून सचिनच्या रिक्षापर्यंत गेला आणि मागे फिरला. मेला हट्ट! तारा बिचारी लेकीच्या वाटेकडे डोळे लावूनच गेली.

गेल्या वर्षी धुडकूला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. जिभेवर एकच शब्द उरला.

"मनी... मनी..."

मुलगा प्रवीण बहिणीहून खूप धाकटा, सुरतेत वाढलेला, निम्मा गुजराती. त्यानं बायकोला हाक मारली. "अश्विनी, डबा आण! पप्पा मणी मागताय."

अश्विनी परभणीची. गुणी सून, सासऱ्याचं सगळं निगुतीनं करायची. तिनं डबा पुढे धरला. "घ्या मामा, तुमचे मणी."

धुडकूनं डाव्या हातानं डबा उडवला. गोट्या खाटेखाली, उंबऱ्यापार, थेट गटारीपर्यंत घरंगळल्या. "मनी!" तो दाराकडे बघून ओरडला. "मनी!"

"एखादा हरवला असेल त्यातला," प्रवीण म्हणाला. त्यानं मला शोधून काढलं आणि दोऱ्यात ओवून बापाच्या मनगटाला बांधलं. धुडकूनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बघा," अश्विनी हळूच म्हणाली, "लाडका मणी मिळाला तर कसं भरून आलं त्यांना."

अगं बाई, नाही गं! मी आतल्या आत फुटत होतो. त्याला मी नको होतो. पण काचेचं कोण ऐकतो? दाराकडे बघता बघताच तो गेला.

उज्ज्वला आली ती तिरडी बांधून झाल्यावर. उंबऱ्याबाहेरच थांबली. भावाला एवढंच विचारलं, "मनं नाव लिधं का?"

प्रवीणनं मान हलवली. "नही ताई. शेवटपर्यंत एकच. मनी, मनी."

"मनी," ती पुटपुटली. भुवईवरच्या खुणेकडे तिचा हात गेला. क्षणभर वाटलं, आठवलं तिला! कळलं! पण तिनं पदर तोंडाशी धरला. "माले माहीतच व्हतं. तेस्ले मनीच प्यारा." प्रवीणनं बापाच्या मनगटावरून मला सोडून तिच्यापुढे धरलं. तिनं हात मागे घेतला.

मग मला परत डब्यात टाकलं, डबा भंगारवाल्याकडे गेला आणि मी या चादरीवर आलो.

तर बाबांनो, मला विकत घेऊ नका, माझी चांदणी बघू नका. पण कधी सचिनला गेलात, आणि डाव्या भुवईवर खूण असलेली बाई दिसली, तर तिला दारातूनच हाक मारा. फक्त एवढंच विचारा, "मनी कोन?"

उत्तर तिला येतं.