बुटक्या काठाची दमयंती

चिपळूणच्या गंगाराम मिस्त्रींच्या थोरल्या लेकीचे लग्न ज्या वैशाखात झाले, त्याच वैशाखात गोवळकोटच्या किनाऱ्यावर माझा कणा आडवा ठेवला गेला. ते साल १९२४. लग्नात मिस्त्रींचे पंधरा दिवस गेले. मला करून घेणारे वकीलसाहेब रोज माणूस पाठवून विचारीत, "लाँच कधी?" मिस्त्री सांगत, "आधी पोरगी सासरी जाऊ दे. मग लाँच पाण्यात जाईल."

मित्रांनो, मी एक जुनी मोटारलाँच आहे. माझ्या फळ्या सागाच्या आहेत. त्यांच्या सांध्यांत मिस्त्रींनी तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरला आणि वरून राळ ओतली. मध्यभागी इंजिन, त्याच्या पुढे एक छोटी खोली, खोलीत दोन लांब बाक. अशी आरामाची बोट तेव्हा खाडीत दुसरी नव्हती. वकीलसाहेबांच्या पत्नी दमयंतीबाई नऊवारी नेसत आणि होडीत पाय टाकायला भीत. म्हणून माझा काठ मुद्दाम बुटका ठेवला. भरल्या लाँचचा काठ पाण्यापासून जेमतेम दीड वीत राही. माझे नावही दमयंतीच ठेवले.

सहा-सात वर्षे मी मानाने राहिले. आगबोटीने दाभोळला उतरलेले पाहुणे मी खाडीतून चिपळूणला आणीत असे. माझा पटपट आवाज आला की काठावरची माणसे हातातले काम टाकून बघत राहत. पुढे वकीलसाहेबांनी मुंबईला बिऱ्हाड केले आणि मी किनाऱ्यावरच राहिले. उन्हाने माझे सांधे उकलले. खोलीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. शेवटी जुन्या होड्यांचा व्यापार करणाऱ्या धोंडूने मला घेतले आणि आपल्या गळक्या मांडवाखाली, भरतीचे पाणी तळाला लागे तिथे, आणखी दोन होड्यांच्या शेजारी ठेवले. मला कोणी घेतले नाही तर माझ्या फळ्या चुन्याच्या भट्टीत जाणार, हे तो माझ्यासमोरच लोकांना सांगत असे.

१९३४ च्या दिवाळीनंतर एक म्हातारे जोडपे तिथे आले. महिपत तांडेल आणि हौसाबाई. दाभोळजवळच्या एका वाडीतली माणसे. त्यांना मूलबाळ नव्हते. तरुणपणी तांडेलांचा स्वतःचा शिडाचा मचवा होता. त्यात कौले भरून ते मुंबईपर्यंत जात, आणि हौसाबाई त्यांच्यासोबत जात. बाईमाणूस मचव्यावर म्हणून लोक नाके मुरडीत, पण भात रांधण्यापासून सुकाणू धरण्यापर्यंत सगळे त्यांना येत होते. मग तांडेलांना दम्याने धरले आणि हौसाबाईंचे गुडघे वाताने सुजले. मचवा विकला. त्यानंतर पाच वर्षे तांडेल पडवीत बसत ते समुद्राकडे पाठ करून. आता शीड ओढण्याचे बळ उरले नव्हते, म्हणून इंजिनाची बोट पाहायला दोघे आले होते.

धोंडूकडे तीन होड्या होत्या. एक उंच काठाचा मजबूत मचवा, त्यात इंजिन बसवलेले. दुसरी एक निमुळती होडी, तिच्यावर सावलीदेखील नव्हती. तिसरी मी.

तांडेलांनी तिन्ही होड्यांच्या फळ्या बोटाच्या पेराने ठोकून पाहिल्या. मग माझ्या तळाशी साचलेले पाणी बोटावर घेऊन जिभेला लावले.

धोंडू हसला. "तांडेल, सरबत हाय काय ते?"

"गोडं पाणी हाय," तांडेल म्हणाले. "वरून पडलेलं. खारट असतं तर खालनं गळते म्हणून तुजा कान धरला असता."

हौसाबाई मात्र सरळ उंच मचव्याकडे गेल्या. त्यांनी पाय उचलून पाहिला. पाय काठाच्या निम्म्यावर आला आणि थांबला. दात ओठांवर दाबून त्या म्हणाल्या, "ह्यो घ्या. शिडी लावली की चढंन मी."

"शिडी लावून नवरी चढते वरातीत," तांडेल म्हणाले. "ह्यो नको. उंच हाय."

"उंच हाय म्हणून तर घ्यायचा. त्या बुटकीला घेऊन काय खाडीत बेडूक धरायला जायचं? दाभोळच्या मुखाशी लाटा फुटतात, तिथं ती एका घटकेत भरंल. समुद्रावर कशी जाणार ती?"

"कोणाला जायचाय समुद्रावर? माजं मन भरलं गो. खाडीत हिंडू, सावलीला पडू. एवढं पुरे."

हे बोलताना त्यांचा हात माझ्या काठावर होता. तो सुकाणू धरावे तसा आवळलेला होता, हे मला कळले. हौसाबाईंनीही त्या हाताकडे पाहिले. मग त्या माझ्यात आल्या. पाय सहज आत पडला. बाकावर बसून त्यांनी पाय लांब केले. इंजिनाचे जड चाक बसल्या जागेवरून हाताशी येत होते. धोंडूने तेल ओतल्यावर दोन्ही हातांनी त्यांनी ते फिरवले, आणि तिसऱ्या फेरीला इंजिन बोलू लागले. तीन वर्षांनी मी माझा आवाज ऐकला.

धोंडू म्हणाला, "वयनी, इंजिनाला तुमचा हात आवडला."

हौसाबाईंची नजर माझ्या नावाच्या पाटीवर होती. त्यांना वाचता येत नव्हते. "काय लिवलंय ह्याच्यावर?"

"दमयंती."

"अस्सं! म्हातारपणी सवत आणताय काय?"

"पुसून टाकतो."

"नको. बाईचं नाव पुसू नये. राहू दे सवत, समोरच्या बाकावर झोपंल."

अशी मी त्यांच्या घरची झाले. उकललेल्या सांध्यांत नवा कापूस बसला, तळाला चुना आणि तेल लागले. पावसाळ्यात मला वाळूवर ओढून वर झावळ्या घालीत. नारळी पौर्णिमेनंतर मी पुन्हा पाण्यात. हौसाबाईंनी चाक फिरवायचे, तांडेलांनी सुकाणू धरायचे. कधी गोवळकोटच्या बाजारी, कधी वरच्या गावांत ओळखीच्या घरी. दुपारी एखाद्या झाडाच्या सावलीत मला बांधत आणि दोघे खोलीतल्या बाकांवर पडत. दम लागला की तांडेल उशाला घोंगडीची घडी घेऊन अर्धवट बसून झोपत, आणि हौसाबाई समोरच्या बाकावरून त्यांच्या श्वासाकडे कान देऊन जाग्या राहत.

एक गोष्ट मात्र दर फेरीला घडे. खाडीच्या मुखाशी वाळूच्या बांधावर लाटा फुटतात. त्याच्या अलीकडे आलो की तांडेल इंजिन बंद करीत आणि म्हणत, "इंजिन तापलं. जरा थंड होऊ दे." मग ते त्या पांढऱ्या फेसापलीकडे बघत राहत. खूप वेळ बघत. हौसाबाई हळूच इंजिनाला हात लावीत आणि हात परत पदराखाली घेत.

तीन वर्षे असे चालले. १९३७ च्या पावसाळ्यात तांडेलांचा दमा वाढला. वैद्यांनी हौसाबाईंना बाजूला घेऊन सांगितले, अजून एक थंडी निघाली तर देवाची दया. हे हौसाबाईंनी शेजारच्या सखूला माझ्याजवळ उभे राहून सांगितले, म्हणून मला ठाऊक. सांगताना त्या रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सखूच्या नवऱ्याकडून बांबू आणवले.

तुम्हाला ठाऊक नसेल, मित्रांनो, पण शिडाचा मचवा कौलांनी काठोकाठ भरला की दोन्ही बाजूंना बांबूच्या कांबींच्या तट्ट्या उभ्या बांधतात. त्यामुळे काठ हातभर वाढतो आणि लाट आत येत नाही. हौसाबाईंनी हे काम बारा वर्षे केले होते. माझ्या सावलीत वाळूवर पाय पसरून त्यांनी कांबी विणल्या. बोटे सोलली, त्यांवर चिंधी बांधून पुन्हा विणल्या. वरून कढत डांबर फासले. चढण्याच्या जागेपुरती एक तट्टी त्यांनी सुटी ठेवली, म्हणजे आधी आत यायचे आणि मग ती आतून बांधायची.

तांडेल काठी टेकत आले. "ह्ये काय चाललंय? कोंबड्यांचं खुराडं?"

"होय. तुमच्यासाठीच हाय. आत बसा नि अंडी घाला."

तांडेलांनी तट्टीवरून हात फिरवला आणि ते जागीच बसले. त्यांना सगळे कळले. "हौसे, नको. ही बुटकी हाय. भरली तर तुला पोहता यायचं नाय, ह्या गुडघ्यांनी."

"तुमाला तरी कुठं येनार, त्या छातीनं? फिट्टमफाट."

१९३८ च्या माघात एके सकाळी वारा अगदी पडला होता. भरती पुरी होत आली होती. मुखाशी आलो आणि तांडेलांचा हात सवयीने इंजिनाकडे गेला. हौसाबाईंनी तो हात धरला. "आज नाय तापलं. चला पुढं."

तांडेलांनी हात सुकाणूवर नेला. मग ताठ बसले. पाच-सहा लाटा त्यांनी नुसत्या मोजल्या, आणि मोठी लाट फुटून गेल्याबरोबर मला पुढे घातले. खरे सांगते, मी भ्याले. मी वकिलाच्या पाहुण्यांची लाँच. असे पाणी माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कधी आपटले नव्हते. पहिली लाट तट्टीवर आदळली आणि तट्टी वाकली. डाव्या बाजूची एक दोरी तुटली, आत पाणी आले. हौसाबाईंनी सुटलेले टोक पाठीने दाबून धरले आणि डब्याने पाणी उपसू लागल्या. "सुकाणू बगा! माज्याकडं काय बगताय!" त्या ओरडल्या. दुसऱ्या लाटेत इंजिन गुदमरले, पण थांबले नाही. तिसरी लाट माझ्याखालून निघून गेली.

मग पाणी मोकळे झाले. आम्ही बाहेर आलो होतो.

तांडेलांनी इंजिन बंद केले. समोर निळे पाणी, दुसरे काही नव्हते. मी संथ वर उचलली जात होते आणि खाली येत होते. तांडेलांच्या छातीत घरघर होती, पण ते जवळजवळ ताठ उभे राहिले.

"बगा आता पोटभर," हौसाबाई म्हणाल्या. त्या चिंब भिजल्या होत्या.

"तुला कवापासनं ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासनं. इंजिन गार असायचं."

तांडेल इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. हौसाबाई त्यांची पाठ चोळत राहिल्या, आणि दोघे तसेच एका बाकावर दुपारी पुन्हा भरती लागेपर्यंत बसले.

त्यानंतर शांत दिवस पाहून आम्ही आणखी दहा वेळा बाहेर गेलो. चैत्र संपल्यावर तांडेलांना उठवेना.

मित्रांनो, मी आता वाडीच्या वाळूवर आहे. माझ्यात खेळायला या, पण माझ्या सांध्यांतला कापूस उपसू नका. वर्षातून एकदा कोणी चुना-तेल लावले, उन्हात वर चार झावळ्या टाकल्या, तर मी अजून बरीच वर्षे पाण्यात जाईन. आणि घरातले म्हातारे माणूस एखादी गोष्ट आपल्याला नको म्हणाले, तर लगेच खरे मानू नका. त्याच्याजवळ जरा बसा. ते कुठे पाहते आहे, ते तुम्हीही पाहा.

महिपत तांडेल ११ मे १९३८ रोजी सकाळी आपल्या घरी वारले. हौसाबाई त्याच वर्षी डिसेंबरात गेल्या.