उत्तर आल्याशिवाय गाडी नाही

मी सांध्याची मोटर बोलतेय. मोटर म्हटलं की तुम्हाला चार चाकं आठवतील. मला एकही नाही. काड्यापेटीएवढा माझा जीव. तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आणि त्यांच्यामधून सरकणारा लोखंडी दांडा, एवढाच माझा संसार. एका वेटोळ्यात वीज आली की दांडा इकडे, दुसऱ्यात आली की तिकडे. दांडा सरकला की वरचे रूळ हलतात आणि खेळण्यातली आगगाडी मुख्य मार्ग सोडून फाट्याला लागते.

'खेळण्यातली' हा शब्द एडगरने ऐकला असता तर मला उपटून फेकलंच असतं. इंग्लंडातल्या स्किप्टनच्या लोकरीच्या गिरणीत उभी हयात काढलेला हा माणूस घराच्या माळ्यावर रेल्वे चालवायचा, आणि नियम तर असे पाळायचा, जणू गाडीत खरी माणसं बसली आहेत.

त्याने मला फळीच्या खालच्या अंगाला स्क्रूने बसवलं, तेव्हापासून मी अंधारात आहे. वर बोगदा आहे, पूल आहे, हिरवी टेकडी आहे म्हणे. मी काही पाहिलेलं नाही. डोक्यावरून गाडी गेली की फळी थरथरते, तेवढंच. मला दिसायच्या त्या एडगरच्या सपाता, आणि गुरुवारी लेस सुटलेले बूट. ते बूट क्लिफर्डचे. गिरणीतल्या एकाच खात्यातले दोघे.

दोघे फळीच्या दोन टोकांना बसायचे आणि एकमेकांशी चकार शब्द बोलायचे नाहीत. बोलायची ती घंटा. एडगरने एकदा वाजवायची, म्हणजे 'लक्ष आहे का?' क्लिफर्डने एकदा वाजवायची, म्हणजे 'आहे'. मग क्लिफर्ड बटण दाबून मला सरकवायचा आणि एडगर गाडी सोडायचा. उत्तर आल्याशिवाय गाडी नाही. एकदा क्लिफर्ड घरून आणलेल्या आल्याच्या केकमध्ये इतका गुंगला की उत्तर द्यायचंच विसरला. एडगर समोरच होता, पण त्याने हाक मारली नाही. केक संपेपर्यंत गाडी थांबली.

माझं दुखणं एकच. मला वीज हवी ती झटक्यापुरती. बटण दाबलं की लगेच सोडायचं. धरून ठेवलं तर वेटोळं तापून जळतं. एका गुरुवारी क्लिफर्डने बटण दाबलं आणि सोडलंच नाही. अंगाची लाहीलाही झाली, धूर निघाला. एडगरने धावत जाऊन वीज बंद केली आणि रागाने त्याचा तोल सुटला.

"सोड म्हणतोय तरी सोडत नाहीस. तुझ्या हातात काही देण्यात अर्थच नाही."

क्लिफर्डचे बूट शिडीवरून खाली गेले आणि पुढच्या गुरुवारी आले नाहीत.

मी एका अंगाने लुळी झाले. एडगर मुख्य मार्गावरच गाडी गोल गोल फिरवत बसायचा. मला कुणी हलवेना. दांड्यावर धूळ साचली. ते दिवस फार वाईट गेले.

मग एकदा क्लिफर्डची बायको म्यूरिअल केकचा डबा न्यायला आली. शिडीच्या पायथ्याशी उभी राहून बोलत होती, म्हणून मला ऐकू आलं.

"त्याने मुद्दाम नाही रे धरलं. हल्ली बोटं मिटली की सुटतच नाहीत त्याची. माझ्याकडून कप सोडवून घेतो. तुला सांगायची लाज वाटली त्याला."

दुसऱ्या दिवशी एडगर फळीखाली उताणा झोपला. आधी सपाता, मग गुडघे, मग चेहरा. मला बसवल्यापासून त्याचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. माझ्याशेजारी त्याने एक डबी बसवली. ती वीज साठवते आणि एका दणक्यात देते. त्यानंतर बटण कितीही धरा, फक्त थेंबभर वीज येत राहते, वेटोळं तापत नाही. दणका असा की माझं लुळं अंगही हललं. क्लिफर्डला आता शिडी चढवत नव्हती, म्हणून एडगरने तार जिन्यावरून थेट स्वयंपाकघरात नेली. तिथे टेबलावर घंटा आणि बटण मांडलं.

क्लिफर्ड आला. एडगरने वरून घंटा वाजवली. खालून काहीच नाही. एडगर थांबला. मग एकदा वाजली, आणि मी खट्कन सरकले.

"एडगर, सुटत नाहीये रे," खालून आवाज आला.

"राहू दे. धर हवं तितकं."

"जळेल ना ती?"

"मी जळू देतोय होय?"

तो हिवाळा असाच गेला. वसंतात क्लिफर्डला पुरलं. एडगरने तार काढली नाही.

अजूनही दर गुरुवारी तो वर येतो आणि एकदा घंटा वाजवतो. उत्तर येत नाही. मग सपाता शिडी उतरतात, जिना उतरतात, आणि खाली एकदा घंटा वाजते. मी सरकते. तो धापा टाकत वर येतो आणि गाडी सोडतो.

तुमच्यापैकी कुणी त्याच्या ओळखीचं असेल, तर गुरुवारी जाऊन त्या खालच्या खुर्चीत बसा. रेल्वेतलं काही कळत नसलं तरी चालेल. त्याचे गुडघे आता थकलेत.

गेल्या गुरुवारी त्याने खाली बटण दाबलं आणि सोडलंच नाही. थेंबथेंब वीज येत राहिली, त्यावरून मला कळलं. चटका बसला नाही. बसला असता तर मी सोसला असता.