शेऱ्याची जागा

निळ्या वायरीच्या टोकाची प्लास्टिकची जीभ तुटलेली होती आणि कुणीतरी ती पॉलिएस्टरच्या धाग्याचे सात-आठ वेढे देऊन जागेवर बांधून ठेवली होती — गाठ मागावर काम केलेल्या माणसाची, बारीक, ओढली तरी न सुटणारी. गाठीखाली हिरवा दिवा लुकलुकत होता. विशाखा बराच वेळ त्या दिव्याकडेच बघत बसली, कारण लॅपटॉपकडे बघितलं की एकसष्ट टक्के दिसायचे, आणि ते मघापासून एकसष्टच होते.

लॅपटॉपमधला सुरक्षा-तपासणीचा स्कॅनर त्याचं काम करत होता. सुरतेजवळच्या सचिनमधल्या या कापड प्रोसेसिंग मिलच्या एकेका संगणकाच्या दारावर जाऊन तो टकटक करणार, विचारणार — कोण तू, कुठल्या सालचा, कुठलं दार उघडं ठेवलंस... आणि मग यादी करणार, धोक्याप्रमाणे लाल, नारिंगी, पिवळी. लोकांना वाटतं यात फार डोकं लागतं. काही लागत नाही. ती लहान असताना भेस्तानमध्ये भाड्याची खोली शोधत आई-बाबा फिरायचे तेव्हा दारोदार घरमालक असंच विचारायचे — गाव कुठलं, आडनाव काय — आणि आडनाव कळलं की खोली कालच गेलेली असायची. तेही स्कॅनिंगच. फक्त ते हसून करायचे.

या महिन्यातली ही अकरावी जागा. गेल्या आठवड्यात कतारगामला हिऱ्यांचा कारखाना झाला, तिथे तिजोरीला तीन कुलपं आणि संगणकाला पासवर्ड एक-दोन-तीन-चार. तिला आता हसूही येत नव्हतं. पाठ दुखत होती, डोळ्यांत रंगाचा वास चढला होता — हो, डोळ्यांतच. रंगखात्याजवळ वाढलेल्यांना विचारा.

लाल ओळ जेवणाच्या सुट्टीआधीच आली होती. रंग मोजून टाक्यांत सोडणारा संगणक बाहेरच्या इंटरनेटवर सताड उघडा. जगातल्या कुणीही यावं, त्याच्या खुर्चीत बसावं आणि उकळत्या टाक्यांचे व्हॉल्व्ह फिरवावेत. टाक्यांपाशी एका पाळीत चौदा माणसं उभी असतात. म्हणजे ओळ गाळणं शक्यच नव्हतं. ते तर तिचं ठरलेलंच होतं.

तिनं मिलचे संगणक सांभाळणाऱ्या सुकदेवला बोलावलं होतं. पन्नाशीचा, मूळचा धुळ्याकडचा. मागावरून उठून स्वतःच्या हिमतीवर संगणकापाशी आलेला, सर्टिफिकेट एकही नाही. गाठ त्याचीच असणार. त्यानं पडदा बघितला, आणि खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"मीच उघडलं ते, बेन. श्रावणात गावी कानबाईमाता बसते. शेठ सुट्टी देस नही. म्हणतो, मशीन अडकलं तर? मग गावाहून मोबाइलवर चालवता यावं म्हणून रस्ता केला."

घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात, त्या गव्हाचे रोट होतात. मूठ मोजली आणि माणूस नाही, हे त्याच्या आईला चालत नाही, असं तो सांगत राहिला. विशाखाच्या घरी ना कानबाई ना मुठी, तिच्या घरी बुद्धाची तसबीर. पण चार दिवसांच्या सुट्टीसाठी मिलच्या भिंतीला भोक पाडावं लागतं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आल्यावर बंद का नाही केलंत?"

"बंद करणारच होतो. पण मग शेठ रविवारीही फोन करायला लागला. म्हणे, घरबेठां थई जाय छे ने, सुकदेव. घरबसल्या होतंय की."

"म्हणजे शेठना माहीत होतं."

"त्यांनी तर शाबासकी दिली."

"कागदावर?"

सुकदेव हसला. "पाठीवर, बेन."

जाताना दारात थांबून तो म्हणाला, तुम्ही लिहा, तुमचंही काम आहे, फक्त... आणि पुढचं गिळून गेला.

त्यानंतर मॅनेजर भाईदास आला. परदेशातल्या गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हवा होता. लाल ओळ राहू द्या म्हणाला, उलट एखादी असली की रिपोर्ट खरा वाटतो. फक्त तिच्यापुढे नाव हवं. "नाम लखी नाखो ने, बेन. माणस काढी नाखीशुं, वात पूरी." माणूस काढला की भोक बुजलं. हे तो इतक्या मायेनं म्हणाला की जणू तिचंच ओझं हलकं करत होता.

फॉर्मवर रकाना होता — 'जबाबदार व्यक्ती'. चाळीस अक्षरं मावतात. सुट्टी न देणाऱ्यासाठी रकाना नव्हता, शाबासकी देणाऱ्यासाठी नव्हता.

चौऱ्याऐंशी टक्के.

...बाबांच्या रंगखात्यात तपासणीचा साहेब यायचा त्या दिवशी सकाळी मास्क वाटायचे आणि साहेबाची गाडी फाटकाबाहेर पडली की गोळा करून पेटीत ठेवायचे. काशीराम, तिचे बाबा, एकदाच बोलले. साहेबानं सहज विचारलं, रोज लावता ना? बाबा म्हणाले, तुम्ही येता तेव्हा लावतो. साहेब हसला, त्यानं लिहून घेतलं — कामगार मास्क वापरत नाहीत, उदाहरणार्थ काशीराम. सोमवारपासून बाबा घरी. खोकत, खाटेवर. आई, अंजनाबाई, त्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि बाबा तिला गप्प करायचे: "त्याच्या कागदात तेवढीच जागा होती गं."

हे वाक्य विशाखानं पंचवीस वर्षं सांभाळलं होतं. बाबांचं मोठेपण म्हणून. आजही रकान्याकडे बघताना ते ओठांवर आलं, तयार, तिच्याच उपयोगाचं — तेवढीच जागा आहे, मी काय करू...

शंभर टक्के. पंखा एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागला.

तिनं पान खाली सरकवलं. रकान्याखाली 'शेरा' अशी एक रिकामी चौकट होती. ती कधी भरायची नाही, कुणीच भरत नाही. चौकटीत कर्सर ठेवून तिनं एंटर दाबलं. चौकट एक ओळ वाढली. पुन्हा दाबलं. पुन्हा वाढली. ती दाबत राहिली — दहा ओळी, तीस, पान संपलं, दुसरं सुरू झालं. कुठे अडलंच नाही.

त्या साहेबाच्या कागदालाही मागची बाजू असणार.

बाबांना हे कळलं नसेल? की कळलं होतं, आणि खाटेवर पडून रोज साहेबाचा राग करत बसायला अंगात जोर नव्हता, म्हणून त्याला माफ करून टाकलं? तिला बाबांचाच राग आला, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. आणि लगेच, त्याहून वाईट — तो साहेब समजला. त्याची अकरावी मिल, दुखणारी पाठ, डोळ्यांतला रंग. कुणी दुष्ट नव्हता तो. दमलेला होता, एवढंच. एखाद्याचं नाव लिहून मोकळं व्हायला एवढंच पुरतं.

सुकदेवनं चहा आणला, धाग्याच्या गाठीशेजारी ठेवला आणि तिथेच उभा राहिला. विशाखानं मान वर केली नाही. समोर दोन पानं कोरी पडली होती, आणि आता ‘जागा नव्हती’ असं ती कुणालाच सांगू शकणार नव्हती.