कौलासारखा पत्रा

मिस्त्रीने आयुष्यभरात दोनशेच्या वर घरांवर छपरं घातली, पण स्वतःच्या घराचं छप्पर बदलायची वेळ आली तेव्हा तो पुढच्या खोलीत खाटेवर आडवा होता. चार महिन्यांपूर्वी एका शाळेच्या छपरावर, शेवाळावरून त्याचा पाय सटकला आणि तो थेट खालच्या फरशीवर आला. खुब्याचं हाड मोडलं. त्या दिवशी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत पळाला तो लंबू.

लंबू म्हणजे त्याचा जोडीदार. एकोणीस वर्षांपूर्वी काम मागायला आला तेव्हा त्याला वासा कुठला आणि रीप कुठली हे कळत नव्हतं. वासे उतरते असतात आणि त्यांच्यावर आडव्या ठोकतात त्या रीपा, इथून मिस्त्रीने सुरुवात केली होती. उंची एवढी की शिडीच्या दोन पायऱ्या वाचायच्या, म्हणून नाव पडलं लंबू. मिस्त्रीला तो दादा म्हणायचा, मिस्त्रीच्या बायकोला वहिनी. त्याचं स्वतःचं लग्न ठरवायलाही हीच दोघं गेली होती.

डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की आता चालणं होईल, चढणं नाही. मिस्त्रीने ते ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.  तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात टपटप ऐकू आली तेव्हा म्हणाला, "लंबूला बोलाव. छप्पर पूर्ण बदलायचं. मी करतो करतो म्हणत तीस वर्षं काढली. आता तो करेल."

लंबू चार नमुने घेऊन आला आणि खाटेवरच मांडून बसला. एक भाजलेल्या मातीचं खाचेचं कौल, एक सिमेंटचं, एक साधा पत्र्याचा तुकडा, आणि एक कौलाच्या आकारात दाबलेला, वर विटकरी रंग दिलेला पत्रा. मिस्त्रीने एकेकावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कानाशी धरलं, कडा तपासल्या. मातीचं कौल बायकोकडे दिलं. "हे वजन करून रात्रभर पाण्यात ठेव. उद्या परत वजन कर. किती पाणी पितंय ते बघू."

मग तो शेवटचा तुकडा त्याने उचलला आणि हसला. "हा कोण सोंगाड्या?"

"आजकाल लोक हाच मागतात, दादा. हलका आहे. काम झटपट होतं. लांबून कुणाला कळतसुद्धा नाही."

"लांबून कशाला बघायचंय मला? मी आत राहतो."

बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, "हलका असला तर वाईट काय त्यात?"

तिने छपराबद्दल कधी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे मिस्त्री खूष झाला. त्याने तिला बसवून घेतलं आणि सविस्तर सांगितलं. पत्रा उन्हात तापतो, पावसात बोलू देत नाही. स्क्रूच्या भोकाशी आधी गंजतो. आणि मुख्य म्हणजे पत्रा हलका म्हणून लोक खालचे कुजके वासे तसेच ठेवतात. कुजक्या लाकडात स्क्रू म्हणजे चिखलात खोचलेली काडी. वारा सुटला की अख्खं छप्पर शेजाऱ्याच्या अंगणात.

"बरं बाई," ती उठत म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

दुसऱ्या दिवशी कौल तोलून झालं. पाणी फारसं प्यालेलं नव्हतं. मिस्त्रीने तेच पसंत केलं आणि एका पुठ्ठ्यावर पेन्सिलीने सगळं छप्पर काढून दिलं. रीपा सगळ्या नव्या. वासे बाकीचे चांगले होते, तीन बदलायचे होते. त्या तिन्हींवर त्याने फुल्या मारल्या. त्यांतला स्वयंपाकघराकडून चौथा जो वासा, त्यावर दोन फुल्या मारल्या. "हा तर हाताने कुस्करला जाईल. आधी हा काढायचा."

लंबूने पुठ्ठा नीट घडी करून खिशात ठेवला. "काळजी करू नका, दादा. स्वतःच्या घरासारखं करतो."

लंबू आणि त्याच्या हाताखालचा एक गडी, दोघांनी काम सुरू केलं. खोलीला लाकडी तक्तपोशी होती, त्यामुळे मिस्त्रीला वरचं काही दिसत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. पहिल्या दिवशी जुनी कौलं उतरली. हातातून हातात जाताना त्यांचा खळखळ आवाज, मधेच एखादं फुटलेलं, लंबूची शिवी. मिस्त्री डोळे मिटून पडला होता आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तो करवतीची वाट बघत राहिला. जुना वासा काढायचा म्हणजे आधी खिळे उपटायचे, ते कुईं करून ओरडतात. मग करवत चालते. मग लाकूड अंगणात पडतं, जमीन हादरते. दुपारपर्यंत यातलं काहीच झालं नाही. दुपारनंतर ड्रिल सुरू झालं. छोटं छोटं, घुर्र करून थांबायचं, पुन्हा घुर्र.

चहाला लंबू खाली आला तेव्हा त्याने विचारलं, "चौथा वासा निघाला?"

"निघाला की."

"आवाज नाही आला."

"तुमचा डोळा लागला असेल." लंबूने कपात बघत सांगितलं.

"आणि ड्रिल कशाला? कौलाला स्क्रू लागतो का?"

"रीपा स्क्रूने बसवतोय. पक्क्या बसतात."

बायको म्हणाली, "अहो, त्याला चहा तरी सुखाने पिऊ द्या. शिकवलंत ना तुम्हीच? मग?"

मिस्त्री ओशाळला. पडून पडून आपलं डोकं संशयी झालंय असं त्याला वाटलं. जो माणूस आपल्याला पाठीवर घेऊन पळाला, त्याची आपण उलटतपासणी घेतोय. त्याने लंबूला आणखी दोन बिस्किटं घ्यायला लावली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लंबू म्हणाला, "झालं."

मातीच्या कौलांचं असं छप्पर दोघंजण सहा दिवसांच्या आत करूच शकत नाहीत. मिस्त्रीला हे माहीत होतं. आणखी दोन माणसं लावली होती, असं लंबूने सांगितलं. पण वर पावलं वाजत होती ती दोनच माणसांची.  त्या रात्री मिस्त्रीला झोप नीट लागली नाही.

सकाळी बायको बाजारात गेली. मिस्त्रीने वॉकर ओढून घेतला आणि उठला. खोलीच्या बाहेर तो तोवर एकटा गेला नव्हता. उंबरा ओलांडायलाच त्याला बराच वेळ लागला. अंगणाच्या टोकाला पोचेपर्यंत सदरा घामाने अंगाला चिकटला होता. मग त्याने वळून वर पाहिलं.

छप्पर सुंदर दिसत होतं. विटकरी, सारखं, एका ओळीत. जरा जास्तच एका ओळीत. भट्टीतून निघालेली दोन कौलं कधी जुळी नसतात, रंगात उन्नीसबीस असतंच. इथे सगळी एका साच्यातली होती, आणि दर दोन ओळींनंतर स्क्रूची डोकी उन्हात चमकत होती.

त्याने कठड्यावरून एक खडा उचलला आणि वर फेकला.

ठण्ण.

लंबू शिडी न्यायला आला तेव्हा मिस्त्री कठड्याला टेकून तसाच उभा होता. त्याला बाहेर बघून लंबू धावला. "दादा, एकटे कशाला आलात? पडला असतात म्हणजे?"

"वासे कुठायत?"

लंबूने शिडीला हात घातला.

"जुनेच आहेत ना? चौथासुद्धा?"

"त्याला बाजूने फळी मारलीय, दादा. पत्रा हलका आहे, काही होणार नाही."

"पुठ्ठा काढून दिला होता मी तुला. एकोणीस वर्षं, लंब्या. माझ्याच डोक्यावर? माझ्याच घरावर?"

लंबूच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या मनात नव्हतं. वहिनींनी गळ घातली. म्हणाल्या, दिसायला नवं झालं म्हणजे पुरे, एवढा खटाटोप कशाला, नाहीतरी विकायचंच..." आणि तिथेच त्याने जीभ चावली.

"काय विकायचंय?"

लंबूने घराकडे पाहिलं. 

बायको पिशवी घेऊन फाटकातून आत आली आणि दोघांना बघून तिला सगळं समजलं. ती घाबरली नाही की रडली नाही. पिशवी खाली ठेवून म्हणाली, "चला आत. भर अंगणात तमाशा नको."

आत आल्यावर तिने सांगून टाकलं. लेकीच्या शहरात, लेकीच्याच इमारतीत एक घर रिकामं होतंय. लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे. दोन महिने तिघांचं बोलणं चाललंय, ती, लेक आणि लंबू. एक गिऱ्हाईक येत्या रविवारी घर बघायला येणार आहे. ते पक्कं झालं की ती त्याला सांगणारच होती.

"मी याच खाटेवर होतो," मिस्त्री म्हणाला. "दोन महिने. दहा पावलांवर."

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात? तीस वर्षं तुम्ही रोज छपरावर चढायचात आणि मी रोज संध्याकाळी दाराशी उभी राहायचे. एक दिवस खरोखरच उचलून आणलं तुम्हाला. आता मला नाही राहायचं इथे. तुम्हाला सांगायला गेलं की तुम्ही कौलाचं वजन करायला लावता."

ती बोलली त्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. तिने तोंडावर भांडण केलं असतं, लेकीला मधे घातलं असतं, तर तो चिडला असता, ओरडला असता आणि कदाचित चार दिवसांनी कबूलही झाला असता. पण तिने कौल पाण्यात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पुसून, तोलून, आकडासुद्धा त्याला वाचून दाखवला होता. ते कौल कधीच येणार नाही हे तिला तेव्हाच माहीत होतं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. एक नर्स होती, बरोबर तिची म्हातारी आई. आईला काठी लागत होती, म्हणून जमिनीलगतचं घर हवं होतं. बायकोने सगळं घर फिरवून दाखवलं. शेवटी तिघी पुढच्या खोलीत आल्या. नर्सने मिस्त्रीच्या पायाची आपुलकीने चौकशी केली आणि म्हणाली, "छप्पर तर अगदी नवंकोरं आहे. कौलं किती छान दिसतात!"

बायको नवऱ्याकडे बघत राहिली.

"ती कौलं नाहीत," मिस्त्री म्हणाला. "पत्रा आहे. त्याच्याखाली तीन वासे कुजलेत. मोठ्या वाऱ्याला टिकणार नाही. मी छपरांचंच काम करतो, म्हणून सांगतोय."

 नर्सने त्याच्याकडे, मग बायकोकडे पाहिलं, विचार करून कळवते म्हणाली आणि आईला घेऊन निघून गेली.

फाटक लागल्यावर बायको म्हणाली, "माझी अब्रू घालवलीत."

"तुझी?" तो म्हणाला. पुढचा आठवडाभर त्या घरात हाच शेवटचा शब्द ठरला.

पुढच्या रविवारी लेक आली. दोघांच्या मधे खुर्ची टाकून बसली आणि रडली. मिस्त्रीने तिला पाणी दिलं. मग म्हणाला, "मी सही करतो. जाऊ आपण तिकडे. पण आधी छप्पर पुठ्ठ्यावर काढलंय तसं होईल. ज्या कुणाच्या डोक्यावर ते राहणार असेल, त्याला मी फसवणार नाही. आणि काम लंबूच करेल."

लेकीला वाटलं, बाबा निवळले.

लंबू दुसऱ्याच दिवशी पहाटे हजर झाला. नवे वासे, नव्या रीपा, मातीची कौलं, सगळं घेऊन. मिस्त्रीची खुर्ची अंगणात मांडली होती. लंबू पाया पडायला वाकला तेव्हा मिस्त्रीने पाय मागे घेतले.

"तुम्ही चौथ्या वाशापासून सुरू करा," तो म्हणाला.

लंबूने चमकून वर पाहिलं. "दादा, मला अहोजाहो कशाला करता?"

"तुमच्या हाताशी दुसरा माणूस कोण आहे? त्यांनाही बोलवा. उशीर होतोय."

काम सात दिवस चाललं. अहो, ती रीप जरा वर घ्या. अहो मिस्त्री, तुमची शिडी सरकतेय, बघा. एकदाही आवाज चढला नाही, एकदाही शिवी आली नाही. लंबू आधी रडवेला झाला, मग चिडला, मग नुसतं काम करत राहिला. चौथा वासा खाली आला तेव्हा तो मधोमध दुमडला आणि त्याचा भुगा अंगणभर झाला. बायकोने तो खिडकीतून पाहिला. तिने खराटा घेतला आणि झाडायला लागली.

सातव्या दिवशी शेवटचं कौल बसलं. लंबू खाली उतरला, हात पुसले आणि खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. 'लंब्या' या एका शब्दासाठी उभा होता, हे अंगणातल्या सगळ्यांना कळत होतं.

मिस्त्रीने सगळं छप्पर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने तपासलं. खोट काढायला जागा नव्हती. खरं तर त्याने स्वतः केलं असतं तर इतकंच चांगलं झालं असतं.

"काम उत्तम झालंय," तो म्हणाला. "या तुम्ही आता."

नर्सनेच घर घेतलं. ती दुसऱ्यांदा आली तेव्हा मिस्त्रीने शिडी लावून घेतली आणि तिला वर डोकावून बघायला लावलं.

आता ती दोघं लेकीच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहतात. मिस्त्री काठी घेऊन खाली बागेपर्यंत जातो. लंबूचा फोन येतो. बायको बोलते, त्याच्याकडे फोन धरते, तो मानेनेच नको म्हणतो. बायको मात्र पार बदलली. आता ती प्रत्येक गोष्ट विचारून करते. भाजी कुठली करू, पडदा निळा घेऊ की पांढरा, शेजारणीकडे जाऊन येऊ का. लेक म्हणते, बघा, आई किती मऊ झाली.

परवा ती खिडकीचं माप घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला विचारल्याशिवाय ठरवत नाही हं मी. पडदा कसला लावू?"

मिस्त्रीने पेपरातून डोकं वर केलं. तिने मापाची फीत बोटांवर गुंडाळली होती, आणि ती खरंच उत्तराची वाट बघत होती.

"कुठलाही लाव," तो म्हणाला, आणि पुन्हा पेपर वाचायला लागला.